शास्त्रीबुवांच्या पंगतीतले पाहुणे

रामघाटावरच्या नरहरशास्त्र्यांचा हात कापू लागला, पळीतलं पाणी ताम्हनात पडेना, तेव्हा डॉक्टरांनी कंपवाताच्या गोळ्या दिल्या. हात थांबला. मग त्र्याण्णव सालच्या पितृपक्षात, ऐन जेवणाच्या वेळी, भिंतीशी तीन ब्राह्मण येऊन बसले.

"अगं, आणखी तीन पानं वाढ. मंडळी आली आहेत," शास्त्री बायकोला म्हणाले.

इंदूकाकूंना कुणी दिसेना, तरी त्यांनी हात जोडले. पितरच असणार! गल्लीभर शास्त्र्यांच्या पुण्याईचा बोलबाला झाला.

आता गंमत बघा. यांचा मुलगा देवव्रत कित्येक वर्षं असाच न दिसणाऱ्या माणसांशी बोलत होता. जेवताना शेजारची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवायचा. शास्त्री मुद्दाम तिथेच बसकण मारत. "कोण आहे इथे? कुणी नाही. मन आवर." त्याला दिसलं की वेड, यांना दिसले की पितर. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात. इथे तर कार्टंही स्वतःचंच होतं.

सर्वपित्री अमावास्या झाली तरी ब्राह्मण उठेनात. ते शास्त्र्यांना नावं ठेवू लागले. शास्त्री घाबरून कानांवर हात ठेवून बसले, तेव्हा हे आपल्यासारखंच आहे, हे देवव्रतानेच ओळखलं.

"बाबा, त्यांना उत्तर देऊ नका. माझा हात धरा."

तसाच हात धरून त्याने त्यांना आपल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी समजावलं, की कंपवाताची गोळी मेंदूतलं एक द्रव्य वाढवते. ते फार वाढलं की नसलेली माणसं दिसतात, बोलतात. देवव्रताच्या डोक्यात बहुधा तेच गोळीवाचून उसळतं. त्याचं औषध ते दाबतं, म्हणून त्याचे हात थरथरतात. पुरतं कारण मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही.

"पण मन आवरलं तर?" शास्त्र्यांनी सवयीने विचारलं.

"आपसे हुआ, पंडितजी?" हिंदीभाषक डॉक्टरांनी उलट विचारलं.

शास्त्र्यांनी देवव्रताकडे पाहिलं. इतकी वर्षं पोर हे एकट्याने सोसत होतं, आणि वरून बापाची बोलणी खात होतं.

गोळी कमी केली. ब्राह्मण गेले, थरथर परतली. जेवायची वेळ झाली तसे शास्त्री देवव्रताच्या शेजारच्या मोकळ्या जागेपाशी आले आणि उभेच राहिले.

"इथे कुणी बसलंय का रे?"

"हो," तो हळूच म्हणाला.

"बरं," म्हणत शास्त्री त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. देवव्रताने आपला पाट त्यांच्याकडे सरकवला.