वन्संचं पुडिंग

मी एक जुना, जाड बुडाचा टोप आहे. मित्रांनो, लांबून मी बरा दिसतो, पण आत डोकावलंत तर मधोमध एक काळा डाग दिसेल. कोणी पाहुणा ओट्याजवळ आला की मला अंग चोरून घ्यावंसं वाटतं. लाज वाटते. आणि ही लाज माझ्या एकट्याची नाही, आमच्या सगळ्या घराची आहे.

माझा जन्म एका लांबट, कर्कश आवाजाच्या शेडमध्ये झाला. धातूची गोल चकती यंत्राखाली सरकवली, वरून दणका बसला आणि मला पोट आलं. मग बुडाला आणखी एक जाड थर बसवला. कारागिरानं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "हा दूध करपू देणार नाही." जन्मल्या जन्मल्या मिळालेली ती शाबासकी मी पुढे किती वर्षं मिरवली म्हणून सांगू!

दुकानातून मला घरी आणलं ते आत्यानं. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची आणि भावाच्या घरी राहायची. भावाची मुलगी तिला आत्या म्हणायची, भावाची बायको, म्हणजे तिची वहिनी, वन्सं म्हणायची. आत्या बोलताना अडखळायची. पहिलं अक्षर जिभेवर अडकून बसे आणि पुढचं सगळं वाक्य त्याच्यामागे खोळंबून राही. दुकानदारानं "कुठला देऊ?" विचारलं तेव्हा 'खालच्या फळीवरचा' एवढं म्हणण्यापेक्षा तिनं बोट दाखवलं, आणि मी तिचा झालो.

रविवारी ती माझ्यात व्हॅनिला पुडिंग करायची. तो सोहळा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. आधी व्हॅनिलाची शेंग सुरीनं उभी चिरायची, आतले काळे, बारीक दाणे खरवडून दुधात टाकायचे आणि दूध गरम करायला ठेवायचं. दुसरीकडे पिवळे बलक, साखर, चिमूटभर मीठ आणि थंड दुधात कालवलेलं कॉर्नफ्लॉर एकजीव फेटायचं. मग खरी कसोटी. गरम दूध त्या बलकांवर पळीपळीनं, ढवळत ढवळत ओतायचं. घाई केली की अंडं शिजून गोळे झालेच म्हणून समजा. सगळं परत माझ्यात आलं की आच मंद करून लाकडी चमचा फिरवत राहायचं. हात थांबवायचा नाही, कोपरे सोडायचे नाहीत. चमच्याच्या पाठीवर बोटानं ओढलेली रेघ मोडली नाही की खाली उतरवायचं, लोण्याचा गोळा घालायचा आणि गाळून घ्यायचं. साय धरू नये म्हणून वर कागद अगदी चिकटवून ठेवायचा.

भाची वाटी चाटूनपुसून लख्ख करायची. भाऊ म्हणायचा, "ताई, तुझ्या हाताला काय आहे गं!" आत्या नुसती हसायची. जे तिला बोलून सांगता येत नसे, ते ती वाटीत घालून देत होती, असं मला वाटे.

वहिनी वाईट नव्हती. नकाशे छापणाऱ्या एका कचेरीत ती कामाला होती. चुणचुणीत, बोलकी, पण स्वयंपाकघरात आली की भांडीसुद्धा धास्तावायची. दूध तापवायला ठेवून ती फोन घेणार आणि दूध शेगडीवरून खाली ओघळणार, हे ठरलेलंच.

एकदा तिनं कचेरीतल्या माणसांना जेवायला बोलावलं. नव्या मॅडम यायच्या होत्या, तिच्यावर त्यांची मर्जी बसावी अशी तिची फार इच्छा होती. आदल्या दिवशी ती ओट्याशी आली.

"वन्सं, उद्याचं पुडिंग मात्र तुम्हीच करा हं."

"क-करते की."

"आणि..." वहिनी ओट्यावरचा नसलेला डाग पुसत म्हणाली, "तुम्ही आपल्या मागाहून निवांत जेवा. ती सगळी बडबडी माणसं. तुम्हालाच उगाच अवघडल्यासारखं होईल."

आत्याचा चमचा माझ्या कडेला टेकला आणि थांबला. "ब-बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाहेर जेवणं चालली होती आणि आत आत्या वाट्या भरून देत होती. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. मॅडमनी पहिला घास घेतला आणि बाहेरची बडबड थांबली.

"हे कोणी केलं?"

मित्रांनो, एक नाव घ्यायला कितीसा वेळ लागतो? भावानं तोंड उघडलंही होतं. पण वहिनी आधी बोलली. "मीच. आमच्याकडे दर रविवारी करते मी."

भाची म्हणाली, "पण आई, आत्या तर..." वहिनीनं पोळीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला. भाऊ मान खाली घालून वाटीत काहीतरी शोधल्यासारखा चमचा फिरवत बसला.

"आणि हे काळे ठिपके कसले?" मॅडमनी विचारलं.

वहिनीला ते कुठे ठाऊक होतं! "ते... थोडीशी मिरपूड घालते मी."

"पुडिंगमध्ये मिरपूड? कमाल आहे तुमची!"

आत आत्याला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला. मग ते हसू हाताखालीच विरलं आणि हात तसाच राहिला. उरलेल्या वाट्यांचा ट्रे तिनं उचलला होता, तो परत ओट्यावर ठेवला. मी तिथेच होतो, पोटात तेच पुडिंग घेऊन. मला तोंड असूनही बोलता येत नव्हतं. ज्यांना बोलता येत होतं, ते बोलले नाहीत.

त्यानंतरचा रविवार आला. आत्यानं मला हातही लावला नाही. भाचीनं हट्ट धरला तेव्हा म्हणाली, "व्ह-व्हॅनिला संपलाय गं." वहिनी तेव्हाच साखरेचा डबा काढायला कपाटाशी आली होती. डब्याशेजारच्या बरणीत शेंगा उभ्या होत्या. तिनं त्या पाहिल्या, साखर न घेताच कपाट लावलं आणि बिनसाखरेचा चहा प्यायली.

पुढे कचेरीत कोणाच्या तरी निरोपाचा समारंभ ठरला. प्रत्येकानं घरून काहीतरी करून न्यायचं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमचं पुडिंग तर हवंच." वहिनीचं धाबं दणाणलं. वन्संना कोणत्या तोंडानं सांगायचं? समारंभाच्या आदल्या दिवशी तिनं कचेरीतून लवकर निघून, घरी कोणी नसताना, मला शेगडीवर चढवलं. आच मोठी ठेवली. उकळत्या दुधात अंडी तशीच फोडून टाकली. क्षणात दुधात पांढरे-पिवळे गोळे तरंगायला लागले. ते मोडायला तिनं वरून कोरडं कॉर्नफ्लॉर भुरभुरलं, त्याच्या गुठळ्या झाल्या. त्या फोडण्याच्या नादात ती वरवर ढवळत राहिली आणि खाली, माझ्या बुडाशी, सगळं लागलं. करपल्याचा वास घरभर झाला. कारागिराचा तो शब्द मला आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनीनं सगळं ओतून दिलं. तारेच्या घासणीनं, मग सुरीच्या टोकानं मला खरडलं. काळं जाईना. शेवटी तिनं मला मोरीतल्या बादलीमागे, फडक्याखाली लपवलं आणि खिडक्या उघडल्या.

पण करपलेल्या दुधाचा वास असा खिडकीतून जातो होय! संध्याकाळी आत्या आली, उंबऱ्यातच थबकली, सरळ आत येऊन तिनं फडकं उचललं. मग तिनं माझ्यात पाणी आणि खाण्याचा सोडा घालून मला मंद आचेवर ठेवलं आणि लाकडी चमच्यानं हळूहळू करपट सोडवू लागली; मधला डाग मात्र गेलाच नाही. वहिनी दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"वन्सं, मी..."

"पु-पुडिंग न्यायचंय ना?" आत्या मागे न बघता म्हणाली. "स-सकाळी करून देते. त-तुम्हीच केलं म्हणा."

वहिनीला रडूही येईना. आत्यानं चार शब्द सुनावले असते तर तिला परवडलं असतं.

सकाळी पुडिंग झालं. वाट्यांत काढायला वेळ नव्हता, म्हणून झाकण लावून वहिनी मलाच कचेरीत घेऊन गेली. लांबलचक टेबलावर मला ठेवलं. मॅडम उत्साहानं सगळ्यांना सांगू लागल्या, "हे खाऊन बघा, यात मिरपूड असते!"

वहिनीचा हात माझ्या झाकणावर होता. 

"मॅडम, हे मी केलेलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशीचंही मी केलेलं नव्हतं. माझ्या नणंदेनं केलं होतं. आणि ती मिरपूड नाही, व्हॅनिला आहे."

कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत? त्या घरात नव्हत्या का?"

"होत्या," वहिनी म्हणाली. "आत होत्या."

मित्रांनो, खरं बोलल्यावर टाळ्या पडतात असं तुम्ही ऐकलं असेल. तिथे नाही पडल्या. लोक पुडिंग घेऊन आपापल्या जागी गेले आणि वहिनी टेबलाशी एकटीच उभी राहिली.

घरी येऊन तिनं मला ओट्यावर ठेवलं. "सांगून आले मी सगळं," ती म्हणाली.

आत्या चिडलीच. "क-कशाला? आता त-तुम्हाला हसतील सगळे."

"हसू देत. मी खोटं बोलले, वन्सं. तुमचं पुडिंग माझं म्हणून खपवलं."

आत्या तिच्याकडे वळली. मग अडखळत, थांबत, पण शेवटपर्यंत ती बोलली. "प-पुडिंगचं नाही हो वाटलं मला काही. प-पाहुणे येणार कळल्यावर मी निळा ड्रेस शिवला होता. त्यांच्यात ब-बसायला. अजून घ-घडी मोडलेली नाही त्याची."

वहिनी खाली बसली. भाऊ दारात येऊन हे ऐकत होता. तोही मान वर करू शकला नाही. त्या संध्याकाळी आमच्या घरात सगळ्यांनी एकमेकांशी बोलताना फरशीकडे पाहिलं.

लगेच सगळं गोडीगुलाबीनं चालू झालं असं नाही. काही रविवार कोरडेच गेले. मग एकदा आत्यानं मला घेतलं आणि वहिनीच्या हातात चमचा दिला. पुढे कधीतरी कचेरीतल्या दोघीजणी चहाला आल्या. वाट्या संपल्या तेव्हा आणखी वाढायला वहिनीनं मला, डागासकट, टेबलावर नेऊन ठेवलं. आपल्या शेजारची खुर्ची ओढून तिनं आत हाक मारली, "वन्सं, या ना बाहेर." एकीनं विचारलं, "हे इतकं मऊ कसं होतं?" वहिनी म्हणाली, "त्यांनाच विचारा."

आत्या सांगू लागली. शेंग झाली, बलक झाले, आणि 'मंद' या शब्दाशी ती अडली. म-म-म. चहा निवत होता. एक पाहुणी खिडकीकडे बघायला लागली. शब्द सगळ्यांना कळला होता. तो वहिनीच्या ओठांवरही आला होता. मी समोरच होतो, मी पाहिलं. पण तिनं ओठ घट्ट मिटले, कप खाली ठेवला आणि आत्याकडे बघत वाट पाहत राहिली.

"म-मंद आचेवर," आत्या म्हणाली, आणि पुढचं सांगत गेली.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना जपा. मोठ्या आचेवर सोडून जाऊ नका, तारेनं ओरबाडू नका. पण त्याआधी एवढं करा. ताटं मांडून झाली की पहिला घास घेण्याआधी एकदा दारातून आत बघा, आणि जे कोणी तिथे उभं असेल त्याला नावानं हाक मारा.