दाबत राहा

सर्व्हर सरळ बंद पडला तर मला राग येत नाही. बंद पडलेली वस्तू उघडायची, बघायची, दुरुस्त करायची. मला चीड येते ती मध्येच चालणाऱ्या आणि मध्येच रुसणाऱ्या वस्तूची. बघायला गेलं की शहाण्यासारखी चालू, पाठ फिरली की बंद. तीन आठवडे आमची साइट हेच करत होती आणि तीन आठवडे मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते.

आमचा दवाखाना डोळ्यांचा. मी तिथे मागच्या खोलीत बसून सर्व्हर सांभाळते. खोलीला खिडकी नाही, एसी घरघरतो, आणि दारावर 'आत येऊ नये' असं लिहिलेलं असूनही सगळे आत येतात. इंजेक्शनचा आणि तपासणीचा नंबर फक्त साइटवरूनच मिळतो. रोज सकाळी आठला नंबर सुटतात आणि दहा-बारा मिनिटांत संपतात. नेमकी त्याच वेळात काही लोकांना साइट लागायची नाही. नुसतं चक्र फिरत राहायचं आणि शेवटी 'जोडणी होऊ शकली नाही' एवढं एक वाक्य यायचं. बाकीच्यांना त्याच मिनिटाला सुखाने नंबर मिळत होते.

तक्रारीचे फोन गोडताईकडे जायचे. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण आवाजामुळे सगळे तिला गोडताईच म्हणतात. ती प्रत्येकाचं नाव, फोन आणि वेळ रजिस्टरात लिहायची आणि मग माझ्या दारात येऊन उभी राहायची.

"लोकांना काय सांगू गं?"

"सांग, दाबत राहा. लागेल कधीतरी."

"तेच सांगतेय रोज. शिव्या मला पडतात, तुला नाही."

ती गेली की मी माझ्या टेबलावरून साइट उघडायचे. पहिल्या फटक्यात लागायची. पुन्हा उघडायचे, पुन्हा लागायची. सर्व्हरच्या नोंदी वाचायचे तर त्यात चुकीचं एक अक्षरही नाही. जे आत आले ते सगळे समाधानाने परत गेले होते. जे आलेच नाहीत त्यांची नोंद कुठून असणार?

मी केबल बदलली. मेमरी वाढवली. लाइन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर तीनदा आला, तीनदा चहा प्यायला आणि "आमच्याकडून ओके आहे मॅडम" म्हणून गेला. तिसऱ्यांदा मी त्याला असं काही बोलले की गोडताईला मध्ये पडावं लागलं. दवाखान्याचे साहेब दर बैठकीत विचारायचे, "झालं का?" आणि मी दर बैठकीत "बघतेय" म्हणायचे. मी हात टेकले होते, पण ते कबूल करायचा माझा स्वभाव नाही.

आणि या सगळ्यात माझा मामा होता.

आई गेल्यावर मला मामा-मामींनी वाढवलं. मामा घड्याळं दुरुस्त करतो. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं टेबल, टेबलावर हिरवं कापड, कापडावर तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू. उजव्या डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं तो त्यांच्यात डोकं घालून बसलाय. त्याच उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे आता पाणी झिरपतं. दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन घेतलं की ते थांबतं. महिना चुकला की नजर मधूनच पुसायला लागते, आणि पुसलेली नजर परत येत नाही. हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

मामाची तारीख उलटून गेली होती. तो रोज सकाळी आठला मोबाइल घेऊन बसत होता आणि रोज त्याला साइट लागत नव्हती.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," मामी फोनवर म्हणायची. "भाची सर्व्हरवाली आणि मामाला नंबर नाही."

मला त्याचा नंबर आतून लावता आला असता. पण दवाखान्यात कोणीही नातेवाइकाचा नंबर लावायचा नाही, साहेबांच्या आईचासुद्धा नाही, असा नियम होता आणि तो मीच करून घेतला होता. तीन महिन्यांपूर्वी दलालांनी धुमाकूळ घातला होता. ते यंत्राने क्षणात शंभर वेळा साइटवर टकटक करून सगळे नंबर उचलायचे आणि बाहेर विकायचे. तेव्हा मी नियम केला आणि शिवाय साइटच्या दारात एक पहारेकरी बसवला. पहारेकरी म्हणजे एक छोटा प्रोग्राम. दलाल आठवड्यात गायब झाले. साहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं. माझ्या नोकरीत ते एकदाच झालंय, म्हणून मला त्या प्रोग्रामचा जरा जास्तच अभिमान होता.

तरी तारीख उलटल्याच्या बाराव्या दिवशी मी मामाला म्हटलं, "नियम गेला खड्ड्यात. मी लावते तुझा नंबर."

"आणि माझ्यासाठी कोणाला बाहेर काढशील?" तो म्हणाला. "राहू दे. उद्या लागेल."

"मग नीट दाब तरी! बाकीच्यांना बरी लागते ती? तुझं बोट कुठे पडतं देव जाणे. दाबत राहायचं, मध्ये सोडायचं नाही. किती वेळा सांगू?"

मी फोन ठेवला. मला वाईट वाटलं, पण रागाखाली ते दबून गेलं. तेव्हा माझं सगळंच रागाखाली दबलेलं असायचं.

दोन दिवसांनी मामीचा फोन आला. आवाज नेहमीचा टोचरा नव्हता. "तू काय बोललीस त्यांना? काल दोन गिऱ्हाइकांची घड्याळं परत पाठवली त्यांनी. म्हणे, ज्याचं बोट मोबाइलवर नेमकं पडत नाही त्याने बारीक काम करू नये."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना उशिरा येते म्हणून कळवलं आणि पावणेआठला मामाच्या घरी पोचले. ठरवून गेले होते की आज मोबाइल मी धरणार.

पण मी चप्पल काढेपर्यंत मामाने सुरुवात केलीसुद्धा. हिरव्या कापडावर मोबाइल सरळ रेषेत ठेवलेला, मामी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी, आणि मामाचं बोट सेकंदाला एक या हिशोबाने पडतंय. एकदाही इकडे-तिकडे नाही. इतकं नेमकं बोट मी कोणाचंच पाहिलं नव्हतं. आणि या बोटाला मी नावं ठेवली होती.

"आधी लागते," मामा मान वर न करता म्हणाला. "मग लागत नाही."

"आधी म्हणजे?"

"रोज पहिल्यांदा लागते. आठ वाजायचे असतात, म्हणून दाबत राहतो. तू म्हणालीस ना, मध्ये सोडायचं नाही."

मी मोबाइल हातात घेतला. चक्र फिरत होतं. आठ वाजले, आठ वाजून पाच झाले, चक्र फिरतच होतं. मग काय सुचलं कोण जाणे, घरातलं वायफाय बंद करून मी मोबाइलचा स्वतःचा डेटा चालू केला. साइट फटकन उघडली. अकरा नंबर शिल्लक.

आणि इथे मी ते केलं, जे फक्त माझ्यासारखं माणूसच करेल. खरंच लागतेय का, हे बघायला मी पुन्हा दाबलं. पुन्हा उघडली. चार नंबर शिल्लक. तिसऱ्यांदा दाबलं आणि चक्र फिरायला लागलं.

"अगं, लागली होती ना!" मामी ओरडली. "नंबर घ्यायचा सोडून काय करत होतीस?"

काय करत होते? तपासत होते. तीन आठवडे बिघाडाच्या मागे धावून तो हातात आला, तर मला नंबर दिसलाच नाही, फक्त बिघाड दिसला. मामाने टेबलावरचं भिंग उचललं आणि पुसत बसला.

पण मला कळलं होतं. वायफायवर आधी लागते, मग मरते. डेटावरही दोनदा लागते, मग मरते. बिघाड इतका शिस्तीत होत नाही. कोणीतरी दारात उभं राहून मोजत होतं. आणि दारात मोजायला मी एकालाच बसवलं होतं.

तिथेच हिरव्या कापडावर लॅपटॉप उघडून मी पहारेकऱ्याची यादी काढली. त्याला मी शिकवलं होतं की इंटरनेटच्या एका पत्त्यावरून मिनिटाला वीसपेक्षा जास्त टकटक झाली की तो दलाल. त्याला पंधरा मिनिटं दार बंद, आणि बंद दारावर टकटक केली की पुन्हा पंधरा. 'नाही' असंही म्हणायचं नाही, गप्प राहायचं, म्हणजे दलालाला पत्ता लागायला नको. तेव्हा आमचं पान साधं होतं, एकदा उघडलं की एक टकटक. तीन आठवड्यांपूर्वी साहेबांनी हौसेने नवं पान करून घेतलं. त्यावर नव्या इमारतीचे फोटो, डॉक्टरांचे फोटो, साहेबांचा फोटो. प्रत्येक फोटो वेगळी टकटक. पान एकदा उघडलं की अकरा, दोनदा उघडलं की बावीस. एका मिनिटात दुसऱ्यांदा दाबणारा प्रत्येक माणूस माझ्या हिशोबाने दलाल होता. जितकी गरज जास्त तितका तो जास्त दाबणार, आणि जितका दाबणार तितकं दार बंद. वर आम्हीच फोनवरून सांगत होतो, दाबत राहा.

माझं टेबल मी या मोजणीतून वगळलं होतं. मला कामात अडथळा नको होता ना.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी रोज सकाळी आठला देत होते. यादीत सगळ्यात वर एक पत्ता होता. तो मामाच्या घरच्या वायफायचा होता.

मी तिथल्या तिथे मोजणी बदलली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने एकदाच दाबलं आणि त्याला चार दिवसांनंतरचा नंबर मिळाला. साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सुटलं ना? मग आता त्याचा गाजावाजा नको." मीही मूग गिळून बसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

नंबराच्या दिवशी मी मामाबरोबर आत गेले. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग समोरच्या तक्त्यावरचं अक्षर विचारलं. मामाने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे, अक्षराच्या कडेने बघायचा प्रयत्न केला.

"मधे डाग आहे," तो म्हणाला. "सरकत नाही."

"इंजेक्शन देते, आणखी पसरणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मधली नजर गेली ती गेली. या डोळ्याने भिंगाचं काम आता नाही होणार. इतका उशीर का केलात हो?"

"मला मोबाइल जमत नाही नीट," मामा म्हणाला. "बोट थरथरतं."

माझ्याने ऐकवेना. "त्याला सगळं जमतं," मी म्हणाले. "दार मी बंद केलं होतं." आणि त्या छोट्याशा खोलीत, डॉक्टरीणबाईंच्या हातातल्या सिरिंजसमोर, मी पहारेकऱ्यापासून साहेबांच्या फोटोपर्यंत सगळं बोलून टाकलं. मामा खाली बघत होता.

डोळ्यावर पट्टी लावून तो बाहेर बाकावर बसला. मामी औषधं आणायला गेली, मी शेजारी बसले. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. चिडणं मला समजतं.

"असे किती आहेत?" त्याने विचारलं.

"रजिस्टरात दोनशे सोळा."

"त्यांना सांगितलंस?"

"साहेब म्हणाले…"

"साहेबांचं नाही विचारलं मी." त्याचा आवाज चढला. मी लहानपणी एकदाच तो चढलेला ऐकला होता. "ती माणसंही घरी बसून स्वतःच्या बोटाकडे बघत असतील. ऊठ. मला मामी नेईल."

मी उठले. गोडताईकडून रजिस्टर घेतलं आणि कशाला ते तिला सांगितलं. तिने आपली खुर्ची मला दिली. पहिल्या पानावरचं पहिलं नाव एका बाईचं होतं, नोंद सव्वीस दिवसांपूर्वीची. मी नंबर फिरवला आणि डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय म्हणून सांगितलं.

"हो का?" पलीकडून घाईघाईने आवाज आला. "तुमच्या ताईंनी नीट सांगितलं होतं हो मला, कसं दाबायचं ते. माझंच काहीतरी चुकत होतं. आठ दिवस केलं, मग सोडून दिलं."

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "चूक माझी होती. तुम्ही येत होतात आणि मी दार लावून घेत होते."

तिने हळूच विचारलं, "म्हणजे तेव्हा आले असते तर दिसलं असतं?"

मला ते माहीत नव्हतं. मी तिला तसंच सांगितलं, आणि आजच्या आज या म्हणाले, मी दारात उभी राहते.