भुऱ्या शहाणा झाला

दीपिकानं उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला. उंबऱ्यापाशी बसलेल्या भुऱ्याचे कान ताठ झाले, घशात गुरगुर सुरू झाली. ती हलली नाही. गुरगुर थांबली तसा तिनं भाकरीचा तुकडा त्याच्यापुढं टाकला.

"शाब्बास! काय न्हाई रे त्यात. हातच हाय."

भुऱ्या मेंढरांमागचं कुत्रं. तिच्या वडिलांनी, ग्यानबांनी, वालूरकडच्या माळावर त्याला लहानाचा मोठा केला आणि एकच धडा पक्का करून घेतला: कळपावर कुणी हात उगारला की गप्प बसायचं नाही. गुडघे दुखायला लागले तशी ग्यानबांनी मेंढरं विकली आणि भुऱ्याला पालमला लेकीच्या दारी आणून बांधलं. इथं कळप कुठला? भाड्याच्या दोन खोल्या, आणि दिवसभर त्यात एकटी दीपिका. भुऱ्यानं तिलाच कळप मानलं.

तिचा नवरा रामहरी दुसऱ्याची जीप चालवायचा. सकाळी माणूस बरा असायचा. संध्याकाळी पिऊन आला की त्याला कालवणात मीठ कमी लागायचं, आणि हात वर जायचा. हात वर गेला रे गेला की भुऱ्या सारी गल्ली डोक्यावर घ्यायचा. शेजारच्या सरजाबाई दार उघडून विचारायच्या, "का भुंकायलंय गं कुत्रं?" मग चारचौघांत शोभा नको म्हणून रामहरीचा हात खाली यायचा.

पुढं पुढं खुंटीवरचा सदरा काढायला रामहरीनं हात वर केला तरी भुऱ्या अंगावर जायला लागला. बसून बसून कंटाळायचा, चपला फाडायचा. एके सकाळी तर रामहरीच्या मनगटावर दात उमटले.

"कुत्र्याला सुधार," तो म्हणाला. "न्हाईतर पोत्यात घालून गोदावरीपल्याड सोडून येतो. मंग बस रडत."

माहेरचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. ती इरेला पेटली. मोबाइलवर एक बाई कुत्र्यांना वळण कसं लावायचं ते दाखवायची. मारू नका, म्हणायची. ज्या गोष्टीवर कुत्रं चिडतं ती थोडी थोडी दाखवा, गप्प राहिलं की खाऊ द्या. आणि रिकामं ठेवू नका, त्याला काहीतरी काम द्या. दीपिकानं जुन्या पोत्याला गाठी मारून त्यांत भाकरीचे तुकडे दडवले. भुऱ्या दुपारभर हुंगत त्या गाठी सोडवायचा; चपला वाचल्या. मग हाताचा धडा. आधी नुसता खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर, मग हातात लाटणं धरून. मग सरजाबाईंना बोलावून त्यांचा हात.

शेवटी रामहरीचा.

"तुमी जरा हात वर करा ना," ती लाजतच म्हणाली.

"आता कुत्र्याच्या शाळंत मला बी घालायलीस व्हय?" तो हसला, पण तयार झाला. रोज संध्याकाळी न पिता घरी यायला लागला. हात वर करायचा, भुऱ्या गप्प राहिला की स्वतः तुकडा टाकायचा. "बघ, माझं बी ऐकायलंय!" असं म्हणताना त्याचं तोंड लहान पोरासारखं फुलायचं. एकाच भाकरीत दोघंही सुधारले, असं दीपिकाला वाटलं. खुळीला खरंच तसं वाटलं, आणि त्या दिवसांत ती सुखात होती.

भुऱ्या पुरता शहाणा झाला. वर गेलेला हात दिसला की खाली बसायचा, शेपटीनं फरशी झाडायचा आणि तुकड्याची वाट बघायचा.

मग जीपच्या मालकानं रामहरीला कामावरून काढलं. दिवे लागायच्या वेळी तो आला तो भिंतीला धरतच. दीपिकानं ताट वाढलं. एक घास घेऊन त्यानं ताट ढकललं.

"हे काय कालवण हाय?"

त्याचा हात वर गेला. दीपिकानं सवयीनं उंबऱ्याकडं पाहिलं. भुऱ्या उठला, त्यानं हाताकडं पाहिलं आणि खाली बसला. हात तिच्या गालावर आला. पुन्हा वर गेला. शेपटी फरशी झाडत राहिली. शेजारचं दार उघडलं नाही.

सकाळी सरजाबाई नळावर भेटल्या. दीपिकानं पदर गालावरून ओढून घेतला होता.

"लय गुणाचं झालं गं तुझं कुत्रं," त्या म्हणाल्या. "आता आवाज म्हणून न्हाई."

"व्हय मावशी."

रामहरी बाहेर गेल्यावर तिनं दार लोटलं. भुऱ्यासमोर उभी राहून हात डोक्याच्या वर नेला. भुऱ्या लगेच बसला. दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा होता, पण तो तिनं दिला नाही.

"भुंक," ती म्हणाली. भुऱ्या तिच्या तोंडाकडं बघत राहिला. वरचा हात भरून आला तरी तिनं खाली घेतला नाही. "भुंक की रे, माझ्या राजा."

आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून भुऱ्यानं पुढचे पाय जुळवले, तोंड मिटलं आणि तो आणखी नीट बसला.