माईकसमोर वारणारे बाबा

मित्रांनो, आजवर माझ्यातून बाकीचेच बोलत आले. आज मंडप रिकामा आहे, तेवढ्यात माझं थोडं सांगून घेतो. मी एक जुना माईक आहे. सिल्वासाच्या आमच्या मराठी मंडळाने मला वापीच्या दुकानातून आणलं, तेव्हा माझी जाळी आरशासारखी चकाकत होती. त्यानंतर तिने बरेच अध्यक्ष सोसले. वर्षभर मी सुधाकरकाकांच्या माळ्यावर थर्माकोलच्या मखरात पडून असतो आणि गणपतीत उठतो. "सफेद गाडीवाले, गाडी काढा" हे मी मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांत सांगितलं आहे. गाडी कुठल्याच भाषेत निघालेली नाही.

माझं खरं काम म्हणजे मुलांची कथाकथन स्पर्धा. विषय दरवर्षी एकच: संकटे माणसाला घडवतात. परीक्षक सुधाकरकाका, सरकारी कचेरीतून निवृत्त. संकट जितकं मोठं तितका नंबर वरचा, असा त्यांचा साधा हिशोब. मुलांना तो कळायला वेळ लागला नाही. आधी गोष्टींत पूर आले, मग घरं जळाली आणि शेवटी मुलांनी वडिलांना हात घातला. ते बिचारे पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या मरणाचा मोबाइलवर व्हिडिओ काढतात. वडील गेले की मुलगा दिव्याखाली अभ्यास करतो आणि थेट कलेक्टर होतो. वडील जिवंत असताना कोणी कलेक्टर झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

यंदा मी खरखरायला लागलो. "हृषीकेशकडे द्या, त्याला आता वेळ असतो," सुधाकरकाका म्हणाले. हृषीकेश नाशिकचा. किलवणीकडच्या एका धाग्याच्या कंपनीत तो मेंटेनन्स इंजिनिअर होता. होळीच्या सुमारास ती कंपनी बंद पडली. त्याने मला जेवणाच्या टेबलावर उघडलं, धूळ झाडली आणि आतली सैल तार नीट जोडली. इतक्या वर्षांत माझ्या आत डोकावणारा तो पहिलाच.

त्याची पाचवीतली मुलगी जुई तिथेच गाल फुगवून बसली होती. मंडळातल्या अनुराधाबाई शाळेत शिकवतात. स्पर्धेसाठी त्यांनी तिला गोष्ट दिली होती: बाबांची नोकरी जाते आणि मुलगी जिद्दीने शिकते. "तुला तर अनुभव आहे, जुई! आवाजात आण," असंही सांगितलं होतं. चांगल्या मनाने सांगितलं होतं, हीच तर पंचाईत.

"बाबा, मी गोष्टीतल्या बाबांना मारू का?" जुईने विचारलं.

"का गं? काय केलं त्यांनी?"

"नोकरी गेली म्हटलं तर सगळे तुझ्याकडे बघतील. मेले म्हटलं तर कोणाला खरं वाटणार नाही."

हृषीकेशने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि म्हणाला, "मार. पण पटकन मार. हॉस्पिटल-बिस्पिटल नको, फार लांबतं."

"हार्ट अटॅक?"

"चालेल."

"दिवेलागणीला काय बोलताय दोघं!" स्वयंपाकघरातून जुईची आई, रूपाली, ओरडली.

स्पर्धेच्या दिवशी मंडप भरला होता. हृषीकेश पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. जुईने मला दोन्ही हातांनी धरलं. बदललेली गोष्ट तिने अनुराधाबाईंना आधीच दाखवली होती. सुरुवात छान झाली. "आणि एके दिवशी तिच्या बाबांना..." इथे ती अडकली.

"हार्ट अटॅक आला!" अनुराधाबाई पडद्याआडून कुजबुजल्या.

जुईचा श्वास तेवढा माझ्यातून सगळ्यांना ऐकू जात होता.

"अगं, येऊ दे!" पहिल्या रांगेतून बाबांनी स्वतःच परवानगी दिली. मंडप हसला.

"नाही आला," जुई म्हणाली. "त्यांची नोकरी गेली."

तिला भीती होती तसंच झालं. सगळ्या माना हृषीकेशकडे वळल्या. मित्रांनो, मला स्वतःचा आवाज कमी करता येत नाही. त्या दिवशी फार वाटलं, यावा.

"मग ते घडले का? नाही," जुई सांगत होती. "ते चिडके झाले. भाजी खारट झाली म्हणून त्यांनी रिमोट आपटला. फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसायचे. मग त्यांचा मित्र अभिजीतकाका रोज संध्याकाळी यायला लागला. नोकरीचं काही विचारायचा नाही. 'चल रे, चहा घेऊ' म्हणून दमणगंगेच्या पुलापर्यंत ओढून न्यायचा. आता बाबा मला गणित शिकवतात आणि चिडत नाहीत. म्हणजे, थोडे चिडतात. कलेक्टर अजून कोणी झालेलं नाही. गोष्ट संपली."

टाळी वाजेना. हृषीकेश खाली बघत होता. मग मागून अभिजीतचा आवाज आला, "अगं, चहा कसला? रोज दोन प्लेट भजी खायचा हा! ते पण सांग की!"

"दुसरी प्लेट तुझी होती!" हृषीकेश उठून ओरडला आणि हसत सुटला. मग मंडपही हसला, पण त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर. दोन्ही हसण्यांचा आवाज वेगळा येतो. या बाबतीत माझा शब्द तुम्ही प्रमाण मानायला हरकत नाही.

"गोष्ट छान, पण संकट जरा कमी पडलं," म्हणत सुधाकरकाकांनी जुईला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. पहिला नंबर हर्षलला गेला. त्याने वडिलांबरोबर एक काकाही घालवला होता.

सगळे जेवायला पांगल्यावर हृषीकेश माझी वायर गुंडाळत होता.

"बाबा, राग आला?"

"आला ना. मेलो असतो तर पहिला नंबर होता तुझा."

"पुढच्या वर्षी मर."

"बघू. आत्ता भूक लागलीय. चल, जिलबी संपेल."

मित्रांनो, संकटं माणसाला घडवतात की नाही, मला ठाऊक नाही. माझं शिक्षण ऐकण्यापुरतंच. पण कोणी अडचणीत दिसला, तर 'यातून तू घडशील' असं सांगून निघून जाऊ नका. त्याच्या दारी जा, चहाला न्या आणि वाटेत फार उपदेश करू नका. आणि माझ्यासाठीही एवढं करा: मी चालू आहे का हे बघायला माझ्या डोक्यावर टपल्या मारू नका, फू फू करू नका. साध्या आवाजात बोला. मी ऐकत असतो.