जिन्यावरून पडलेली माणसं

सकाळच्या चहाचा पेला टेबलावर येईपर्यंत थोरल्या सुनेने दोन घरी फोन लावले होते, आणि दोन्ही घरचे पत्रकार जिन्यावरून पडलेले निघाले.

तिचं कामच तसलं. पत्रकारांना होणारी मारहाण, धमक्या, खटले यांवर नजर ठेवणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती होती. छापखान्याच्या वर दोन खोल्या, कुरकुरणारा पंखा, आणि दारावर एक पाटी, जी पोस्टमनलाही कधी दिसली नाही. कुणाला मार बसल्याचं कानावर आलं की ती त्याच्या घरी विचारी, आणि घरून उत्तर येई, छे हो, जिन्यावरून पडले. संस्थेचा नियम असा, की मार खाणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय नोंद करायची नाही. नियम चोख होता, म्हणून मारणारे सुखात होते. आपल्याकडे लेखणीचा खरा वैरी जिने बांधणारा गवंडीच, असं ती म्हणे. कचेरी हसे. हसून झालं तरी नोंदवहीतला रकाना रिकामाच राही.

शेजारच्या टेबलावर प्रसिद्धीप्रमुख बसे. संस्था लोकांच्या डोळ्यांत भरली पाहिजे, हा त्याचा ध्यास. त्यात गैर काही नव्हतं. जी संस्था दिसतच नाही तिला भितो कोण? पण त्याचा हिशेब त्याला अनुभवाने शिकवला होता. टीव्हीवरचा चेहरा नुसता खरचटला तरी सभा भरते, आणि आडबाजूच्या वार्ताहराचा हात मोडला तरी बोटभर जागा मिळत नाही. "ताई, चेहरा आणा," तो म्हणे, "आकड्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही."

त्या संध्याकाळी ती घरी आली, तर चेहरा घरातच बसला होता.

धाकटा दीर पलंगाच्या कडेला, एक डोळा सुजून मिटलेला, मनगट पट्टीत. सासूबाई तव्यावर फडकं गरम करून त्याला शेकत होत्या. दीर एका स्थानिक पत्रात बातम्या देई. नव्या दवाखान्याच्या छताला वर्षाच्या आत तडे गेले, हे त्याने कंत्राटदाराच्या नावासकट छापलं होतं.

काय झालं ते तिने विचारलं दिराला, उत्तर दिलं सासऱ्यांनी. निवृत्त शिक्षक, उभ्या जन्मात भाऊबंदांची, भाडेकरूंची भांडणं मिटवली, म्हणून गल्ली त्यांना मिटवे मास्तर म्हणे आणि ते त्या नावावर खूश असत. कंत्राटदाराचा फोन येऊन गेला होता. रविवारी तो स्वतः येणार, चहा घेणार, विषय संपणार. तोवर कुणी विचारलं, तर जिन्यावरून पडला.

"पोराला इथंच राहायचंय, सूनबाई. पेपरला जाहिराती कंत्राटदाराच्या, चौकीतला साहेब त्याच्या बैठकीतला. तुमच्या संस्थेला कुणी ओळखतं तरी का?"

हा शेवटचा प्रश्नच तिला जास्त लागला.

ती तणतणत अंगणात आली. भिंतीपलीकडून शेजारीणबाईंनी विचारलं, धाकट्यांना काय झालं हो?

"जिन्यावरून पडले," ती म्हणाली.

म्हणून गेली, आणि स्वतःचीच जीभ तिला परकी वाटली. शेजारीणबाईंनी एकदा मान वर करून घराकडे पाहिलं. एकमजली ठेंगणं घर. उंबरठ्याखेरीज चढायला-उतरायला काही नाही. "बरं," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या. बाई समजूतदार. सगळी गल्लीच समजूतदार, आणि त्या समजूतदारपणावरच कंत्राटदाराचे मजले चढत होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिने हे सांगितलं, तर प्रसिद्धीप्रमुख ताठ बसला. फोटो आजच काढा म्हणाला. डोळ्याचा काळा रंग चार दिवसांत उतरतो.

"घरचे म्हणतात झाका, तुम्ही म्हणता दाखवा. ज्याचा डोळा, त्याला कुणी विचारायचं?"

"तुम्ही," तो शांतपणे म्हणाला. "तेच तर तुमचं काम ना?"

तिला चीड आली, कारण तो बरोबर होता.

घरी येऊन ती पलंगाशी खुर्ची ओढून बसली. "भाऊजी, वहिनी म्हणून विचारत नाही. काय झालं?" बाबांची मान खाली जाईल, एवढंच दीर पुटपुटला आणि त्याने कूस बदलली. तिने पुन्हा विचारलं नाही. नोंद जबरदस्तीने घेतली, तर मारणाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?

रविवारी कंत्राटदार फळांची करंडी घेऊन आला. मोठा गोड माणूस. मास्तरांच्या पाया पडला, सासूबाईंच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मग दिराकडे वळला.

"पत्रकारसाहेब, जिना जरा जपून उतरत जा."

मास्तर सवयीने हसले. सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"कुठला जिना?" दीर म्हणाला.

"अरे, जाऊ दे आता," मास्तर पुटपुटले.

"नाही बाबा. यांना आपलं घर दाखवा. जिना सापडला, तर मी पडलो." मग सुनेकडे पाहून तो म्हणाला, "वहिनी, लिहून घ्या."

तिने ट्रे खाली ठेवला. कोणी धरलं, कोणी मारलं, काय बोलत मारलं, ते त्याने कंत्राटदाराच्या समोर, एकेक करून सांगितलं. कुठेही अडला नाही. सासूबाई उठल्या, करंडी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवून आल्या. कंत्राटदार चहा न घेताच निघाला. मास्तर मात्र त्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत गेले. जन्माची खोड अशी एका रविवारात जात नाही.

पुढे फार काही घडलं असं समजू नका. प्रसिद्धीप्रमुखाने जीव तोडून बातमी सगळीकडे पाठवली. आली ती तीन ओळी, हवामानाच्या खाली. दवाखान्याची चौकशी विचाराधीन आहे. दिराचं पत्रातलं काम सुटलं. डोळ्याची सूज उतरली, आणि फोटो काही त्याने काढू दिला नाही.

सून अजूनही सकाळी फोन लावते. पडले, असं पलीकडून आलं की पूर्वी ती फोन ठेवत असे. आता आणखी एक विचारते, घराला जिना आहे का? पुष्कळजण शिव्या देतात. काहीजण गप्प होतात, आणि ती त्या गप्पपणात थांबून राहते. कधीकधी तिथूनच कुणीतरी हळूच बोलायला लागतं.

आणि वाचकहो, तुमच्या शेजारी कुणी पडल्याचं कळलं, तर "बरं" म्हणून आत वळण्याआधी मान वर करून ते घर एकदा नीट पाहा. मान तर शेजारीणबाईंनीही वर केली होती. प्रश्न त्यानंतरचा आहे.