गायरानाचा ठराव

मी एक जुनी वही आहे, ग्रामसभेच्या इतिवृत्ताची. मित्रांनो, अक्कलकोटकडच्या एका गावात मी राहते. गावाचे नाव सांगत नाही. भिंतींना कान असतात, तसे ते कपाटालाही असतात.

सोलापुरातल्या एका बाइंडरने मला शिवले, लाल कापडी पाठ लावली. गावाने जमून जे ठरवले ते माझ्यात लिहायचे आणि खाली सगळ्यांनी सह्या करायच्या, एवढेच माझे काम. पहिले ग्रामसेवक प्रभुलिंग अण्णा प्रत्येक ठराव मोठ्याने वाचून दाखवत. तालुक्याचे साहेब एकदा म्हणाले, "वही असावी तर अशी." त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता!

पुढे महेश्वर भाऊसाहेब ग्रामसेवक म्हणून आले. "सह्या करून जा, मजकूर मागनं लिहितो," ते म्हणत. वर पान कोरे आणि खाली सह्या. तेव्हापासून पेन दिसले की मला धडकी भरू लागली.

एका दुपारी दार लावून त्यांनी त्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले की, गायरान खडी क्रशरला देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. सरपंच खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते.

महिन्याने गायरानाला तारेचे कुंपण पडले. शेळ्या राखणारी रत्नम्मा कचेरीत आली.

"गायरान कुणी दिलं?"

"तुम्हीच की, मावशी. ही बघा तुमची सही."

तिने सहीवर बराच वेळ बोट ठेवले. "सही माजीच हाय," ती म्हणाली. "पर हे म्या कवा आयकलंच न्हाय."

पुढच्या ग्रामसभेत तिने शाळेच्या प्रभाबाईंकडून तो ठराव सगळ्यांसमोर वाचून घेतला. माणसे एकमेकांकडे बघू लागली, कारण सह्या त्यांच्याच होत्या. गायरान द्यायचे नाही, असे हात वर करून ठरले.

"लिहितो मागनं," म्हणत भाऊसाहेब मला मिटू लागले.

"हितंच लिवा," रत्नम्मा म्हणाली. "आमी बसतो की."

त्यांनी लिहिले, पण शेवटी चार ओळी मोकळ्या सोडल्या. रत्नम्माने पेन मागितले. खोटे कशाला सांगू, मला तिचाही संशय आला. हिलाही कुणी गाठले असेल तर? तिने त्या चार ओळींवर तिरपी रेघ ओढली आणि रेघेखाली सही केली. मग एकेकाने केली.

क्रशर आला नाही. तार मात्र तशीच आहे. शेळ्या खालून जातात. तालुक्याची चौकशी चालू आहे म्हणतात.

माझी पाने आता संपली. मी कपाटात पडून असते. गेल्या महिन्यात कुणीतरी कुलूप काढून नेमके रत्नम्माच्या रेघेचे पान उघडले, बराच वेळ पाहिले आणि मला परत ठेवले. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाही तरी चालेल. पण मोठे व्हाल तेव्हा ग्रामसभेला जा, मला मागून घ्या आणि ते पान जागेवर आहे का, एवढे बघत जा.