सटवाईची शाई

पुनावळ्याच्या बबनरावांच्या घराण्यात बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंट्याशेजारी कोरा कागद आणि शाईचा पेन ठेवतात. तसा तो पुष्कळ घरांत ठेवतात. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते. पण या घराकडे येणाऱ्या सटवाईचा हात जरा थरथरतो, असं घरातले मानत आले. लिहिता लिहिता शाई बाळाच्या ओठांवर सांडते आणि मूल वर्ष-दोन वर्षांचं झालं की वर उमटते. निळसर काळे, तिळाहून बारीक ठिपके.

बबनरावांच्या वडिलांच्या ओठांवर ते होते. धाकट्या भावाच्या, दत्तोबाच्या होते. मुलगा शेखर आणि त्याची मुलगी पिंकी यांना आहेत. ठिपके असलेलं मूल घराण्याचं पक्कं. पूर्वी जत्रेत हरवलेलं पोर लोक नाव न विचारता, ओठ बघून आणून सोडत.

वडील आणि दत्तोबा दोघंही पन्नाशीच्या आत पोटाच्या दुखण्यानं गेले. वडिलांच्या वेळी दोष विहिरीच्या पाण्याला दिला, दत्तोबाच्या वेळी बाहेरच्या मिसळीला. शाईकडे कुणी बोट दाखवलं नाही. ती देवीची होती.

बबनरावांचे स्वतःचे ठिपके चाळिशीनंतर फिके पडत गेले आणि मग दिसेनासे झाले. देवीनं आपल्याला मोकळं केलं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग शेखरचं पोट दुखलं. तो चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्टमध्येच आडवा झाला, तिथून थेट ऑपरेशनला. मोज्यात मोजा गुंतावा तसं त्याचं आतडं आतड्यात शिरलं होतं. डॉक्टर रश्मी मॅडमनी पोटाला हात लावण्याआधी त्याचे ओठ पाहिले आणि विचारलं, "घरात अजून कुणाला आहेत?"

घरी आल्यावर शेखरनं सगळ्यांना बसवून सांगितलं. हा आजार रक्तातून येतो. ठिपके निरुपद्रवी आहेत, पण त्यांच्यासोबत जठरात आणि आतड्यात चामखिळीसारख्या गाठी वाढतात. बहुतेक गाठी नुसत्या बसून राहतात, एखादी आतडं आत ओढते, जसं त्याचं झालं, तर एखादी बिघडते. अशा माणसाला पोटाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. होईलच असं नाही. पण ठरल्या वेळी दुर्बिणीतून बघायचं आणि वाढलेली गाठ वेळेत काढायची.

"आमच्याकडं एक पीस खराब निघाला की सगळा लॉट थांबवतात," तो म्हणाला. "आबा, पहिले तुम्ही."

"मी काय लॉट हाय व्हय?" बबनराव म्हणाले. "माझी शाई कवाच वाळली."

"ओठांवरची जाते. गालाच्या आतली बहुधा राहते, असं मॅडम म्हणाल्या. तोंड उघडा, बघू." शेखरनं खिशातून कंपनीची तपासणीची बॅटरी काढली.

बबनरावांनी तोंड मिटलं.

ते मिटलेलंच राहिलं. घरात ते दात न उघडता बोलू लागले. जांभई आली तर गोठ्यात जाऊन देत. मंदिराच्या कट्ट्यावर कुणी विनोद केला तरी हसेनात, तेव्हा रोजच्या बैठकीतल्या ज्योतीरामनं सगळ्यांच्या वतीनं विचारलं, "राव, आमचं काही चुकलं का?" बबनरावांनी मान हलवली. कुणाचं चुकलं, ते त्यातून कळलं नाही.

गोठा म्हणजे दोन टॉवरांच्या मधे उरलेली पत्र्याची शेड आणि तीत एक म्हैस. तिच्याकडे बघून बबनरावांच्या बायको अंबुबाई एक दिवस म्हणाल्या, "म्हस लई सुटलीय."

"पेंड बदलली," बबनराव दातांतून म्हणाले.

"पेंड न्हाई बदलली. तुमची अर्धी भाकरी रोज तिच्या पोटात जातीया."

बबनराव म्हशीची पाठ खरारू लागले. दोन घास गेले की पोट भरल्यासारखं होई, त्याला बरेच दिवस झाले होते. दत्तोबाचंही जेवण आधी अर्ध्यावर आलं होतं. हे त्यांना चांगलं आठवत होतं, म्हणूनच भाकरी घालायला ते स्वतः गोठ्यात जात.

पुढच्या आठवड्यात पिंकीची तपासणी होती. मॅडम आधी तोंडात बघणार, एवढं तिला समजलं होतं आणि तेवढ्यावरच ती अडून बसली. ओट्यावर बसून ती जेमतेम चिमणीएवढी चोच उघडायची.

"एवढंसं उघडून काय दिसंल?" बबनराव म्हणाले. त्यांनीच तिला सायकल शिकवली होती, पाढे शिकवले होते, विहिरीत पोहायला शिकवलं होतं. अर्धवट शिकलेलं मूल त्यांना बघवत नसे. "जीभ खाली दाब. गाल सैल सोड. आता आ कर. माझ्याकडं बघ. असं."

आणि त्यांनी आ केला. चांगला मोठा, शिकवण्यालायक.

पिंकीच्या हातात शेखरची बॅटरी होती. ती तिनं आबांच्या तोंडात मारली, या गालात, मग त्या गालात.

"आबा, तुमची आत सांडलीय," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त."

बबनरावांनी तोंड मिटलं. मग आत जाऊन शेखरला म्हणाले, "तिच्याबरूबर माझाबी नंबर लाव. पोरगी घाबरायची."

पिंकीच्या पोटात दोन बारक्या गाठी निघाल्या. बबनरावांच्या पोटात पुष्कळ होत्या. जठराच्या तोंडाशी बसलेली मोठी गाठ मॅडमनी दुर्बिणीतूनच काढून तपासायला पाठवली. अहवाल आला, तेव्हा त्यांनी बबनरावांना समोर बसवून सांगितलं, "कॅन्सर नाही. पण ही गाठ त्या वाटेला लागली होती. आता दर वर्षी यायचं, विसरायचं नाही."

"गेल्या साली आलो असतो तर?"

"लहान असती."

"आन् पुढच्या साली?"

मॅडमनी पुढच्या तपासणीची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. बबनरावांनी ती दोनदा वाचली. घरी आल्यावर काही दिवसांत ते पुरती भाकरी खाऊ लागले. म्हैस नाराज दिसली.

दिवाळीनंतर दत्तोबाची मुलगी करिष्मा माहेरी बाळंत झाली. ठिपके तिलाही आहेत. बबनरावांनी आधी तिचा नंबर लावून दिला, बाळाचं रक्त कधी तपासायचं ते विचारून घेतलं आणि मग पाचवीला गेले. पाट्याशेजारी कोरा कागद होता, हळद-कुंकू होतं, शाईचा जुना पेन होता. तो उचलून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दुकानातून आणलेलं नवं बॉलपेन तिथं ठेवलं.

"आवं, हे काय?" अंबुबाई म्हणाल्या. "देवीला चालतंय का?"

"चालंल," बबनराव म्हणाले. "ह्ये सांडत न्हाई."